लॅबर्नम अव्हेन्यू, ४१ आणि ४३

लंडनच्या दक्षिणेला, एकोणीसशे चौतीस सालची
एकाच नकाशाची घरं, दोन-दोन पाठीला पाठ लावून.
दारावरच्या रंगीत काचेत अर्धा सूर्य.
उगवतोय की मावळतोय,
बांधणाऱ्यानं सांगितलं नाही.

एनिड हॅलोज आणि सिरिल टकर:
मध्ये नऊ इंचांची भिंत, चाळीस वर्षं.
पलीकडे सळईनं निखारे ढवळल्याचा आवाज आला
की तिला कळायचं, सहा वाजले.
बोलणं फक्त कुंपणापाशी,
गुलाबांवरच्या माव्याबद्दल.

सिरिल गेला. नवे लोक आले, त्यांनी
सामाईक धुराड्यातला आपला अर्धा पाडला.
उरलेला छपरावर उभा आहे,
एका अंगानं विटा उघड्या.

आज एनिडच्या विझलेल्या फायरप्लेसमध्ये
मूठभर काजळी पडली.
केरसुणी तिच्या हातातच होती.
तिनं घड्याळाकडे पाहिलं.
सहाला पाच कमी.