गॅप

ससूनसमोर, रस्त्याच्या या बाजूला,
चहावाला आणि चष्मेवाला यांच्या बेचक्यात
माझं दुकान. सहा बाय नऊ.
एक मशीन, एक स्टूल, एक पाटी :
‘मूळ प्रत काचेवर विसरल्यास आरडाओरडा करू नये.
खराब प्रतीचेही पैसे पडतील.’

निकालानंतर फायली यायला लागतात.
दहावी, बारावी, डोमिसाईल,
जातीचा दाखला, त्याची व्हॅलिडिटी,
फिटनेसवर डॉक्टरची न वाचता येणारी सही.
मी चेहरे बघत नाही, समास बघतो,
शिक्का कापला जाऊ नये एवढंच.
पण कळतं.
ज्यांचं नक्की असतं ते म्हणतात, पाच सेट.
ज्यांचं नसतं ते म्हणतात,
सध्या एकच काढा.

कार्तिकी हरपळे, फुरसुंगी.
पहिल्या वर्षी एकच.
वडील बाहेर गाडीवर, हेल्मेट न काढता,
इंजिन चालू.

दुसऱ्या वर्षी एकटी आली.
चार मार्कांनी हुकलं होतं, म्हणजे एका प्रश्नाने.
‘कुठला?’ मी विचारायला नको होतं.
‘बेडकाच्या हृदयाचा. येत होता, काका.
गोल दुसराच काळा केला.’
तीन कप्पे. मला अजून पाठ आहे.
मीही एकदा, ब्याण्णव साली...
जाऊ दे. सुट्टे आहेत का, विचारलं.

यंदा फायलीत एक कागद जास्त होता.
‘शपथेवर लिहून देते की सदर कालावधीत
मी कोठेही प्रवेश घेतलेला नाही,
कोणतीही नोकरी केलेली नाही.’
खाली नोटरीचा जांभळा शिक्का, किंचित तिरका.
दोन वर्षं, अडीच ओळी.

मशीन तापायला वेळ लागतो.
तेवढ्यात ती बोलत राहिली, कागद सरळ करत :
सदाशिव पेठेतली अभ्यासिका, खुर्ची एक्केचाळीस,
पंख्याची हवा चाळीसपर्यंतच यायची.
चुलत बहिणीच्या हळदीला
गव्हाच्या कोठीवर बसून तिनं तीन तासांचा पेपर सोडवला,
बाहेर ढोलकी,
आणि बरोबर आलेल्या उत्तरांवर पिवळी बोटं.
शेजारच्या बेचाळीसवरचा मुलगा
एका सोमवारी आलाच नाही.
त्याची पाण्याची बाटली महिनाभर तिथंच होती,
कोणी हलवली नाही.
यातलं काही काचेवर ठेवता येत नाही.

‘किती सेट?’
‘पाच.’
मी बटण दाबलं, जरा जोरातच.
‘बी. जे.?’ मान आपोआप गेटाकडे गेली.
‘नंदुरबार. सरकारी आहे, काका.’

वडील या वेळी आत आले, हेल्मेट काखेत.
‘रात्रभराची गाडी आहे,’ म्हणाले,
मला नाही, मशीनला.
दुकानापासून समोरचं गेट वीस पावलं.
तिनं तिकडे बघितलं की नाही
मी सांगू शकत नाही, ट्रेमध्ये कागद अडकला होता.

मग एक ॲप्रनवाला घुसला,
हातात जर्नल, ‘चारच पानं, पटकन, लेक्चर आहे.’
दरवेळी मी त्यांना आधी घेतो. सवय.
‘थांब,’ ती म्हणाली,
‘माझे अजून दोन सेट राहिलेत.’
तो थांबला.

पाचव्या सेटला टोनर दमला.
तो शपथेचा कागद फिका आला,
पावसात राहिलेल्या पाटीसारखा.
‘चालेल,’ ती म्हणाली, ‘तो कोण वाचतंय.’
वडिलांनी कागद उजेडात धरला.
बराच वेळ धरला.
‘परत काढा,’ म्हणाले.
‘पैसे घ्या. पण काळाभोर काढा.’

काढला.
पैसे दोन्हींचे घेतले.
पाटीवर तसं लिहिलंय.