अंडं चौदा

वाल्दिव्हियात सकाळी सातला अजून अंधार.
एलोइसा अंडं दिव्यासमोर धरते:
लाल रेघा,
आणि मधे एक ठिपका, उडणारा.

कवचाला खिडकी पाडून
आतल्या पडद्यावर तिनं ठेवली होती
कुणा अनोळखी बाईच्या स्तनातली गाठ,
मोहरीएवढी.
वर चिकटपट्टी. पेन्सिलीनं तारीख.

आज तिसरा दिवस. वाहिन्या वळल्यात.
पंखाकडे निघालेली एक
मधूनच गाठीकडे;
तिला फुटलेले कोंब, केसाहून बारीक,
चाकाच्या आऱ्यांसारखे सगळे आत.

कुणीतरी गुदमरून हाक मारली
एवढंच रक्ताला कळतं.
कोण, ते विचारत नाही.

चिलोए बेटावर आई अशीच होती.
दार वाजलं की आधी बटाटे उकडायला टाकायची,
मग बघायची कोण आलंय.
एक पाहुणा सात वर्षं राहिला.
जाताना कोंबड्यासुद्धा विकून गेला.

वीस अंड्यांना औषध, वीसांना नुसतं मिठाचं पाणी.
एलोइसाच्या अंगठ्यावर परवाचा काप,
हातमोज्यात खाजतो,
खपलीखाली गुलाबी:
तिथूनही हाक गेली असणार.

ती खाजवत नाही.
थेंब सोडते, पट्टी दाबते,
वहीत लिहिते:
चौदा. पिल्लू जिवंत.