हातचा एक

दोन हात असतात माणसाला.
सोल्डरिंगला चार लागतात :
एकात तापलेलं आयर्न, एकात कथलाची तार,
एकात हिरवी पट्टी, आणि चौथा
घसरलेला चष्मा वर ढकलायला.

मी पट्टी कपड्यांच्या चिमट्यात धरून पाहिली.
चिमटा प्लास्टिकचा. वितळला,
दोन दिवस वरणालाही त्याचाच वास.
मग रेझिस्टर बटाट्यात खोचले.
बटाटा अर्धा शिजला, सांधा कच्चाच.
शेवटी तार धरली दातात.

एकाहत्तराव्या वर्षी हे कशाला, भाचा फोनवर ओरडला
(ओरडावंच लागतं).
कशाला म्हणजे?
दाराची बेल मला ऐकू येत नाही.
कुरिअरवाला वाजवतो, थांबतो, जातो,
आणि औषधं पुन्हा गावभर फिरून येतात.
म्हणून बेल हवी, वाजणारी नको, उजळणारी.
पाकिटात नऊ भाग आणि घडी घातलेला नकाशा.

बिघडलेली पट्टी पिशवीत टाकून
तापकीर गल्लीत गेले.
दिव्यांच्या माळा, स्पीकरचे खोके, हातगाड्या,
एका काउंटरमागून पांढरी दाढी उभी राहिली :
"बाई? मी मुनाफ तांबोळी. चौथी ब."
नाना पेठेतली शाळा, खिडकीजवळचा बाक.
याच्या वहीत वर्षभर मी लाल शाईने लिहिलं होतं,
हातचा कुठे गेला?

त्याने पट्टी भिंगाखाली धरली, डॉक्टरसारखी.
"बाई, हा डाग नाही, फोड आहे.
करडा, खडबडीत. याला थंड सांधा म्हणतात.
वरून चिकटलेला दिसतो, आतून वीज जात नाही."
स्टाफरूममध्ये असे पुष्कळ पाहिलेत, मी म्हटलं.
तो हसला नाही. शिकवत होता.
"तारेला नका तापवू. पायाला आणि तांब्याला
दोघांना एकदम तापवा, तीन मोजा,
मग कथील आपणहून धावतं.
आणि हे दातांचे ठसे कसले तारेवर?
शिसं असतं त्यात! कुणी सांगितलं तुम्हाला?"
मी मान खाली घातली.
चौथी ब मध्ये अशीच घालायचे सगळे.

मग फळीवरून त्याने काढला
बिडाच्या जड तळाचा एक स्टँड,
दोन बाहू, टोकाला मगरीच्या जबड्यांचे चिमटे,
मध्ये भिंग.
"दोन हात पुरत नाहीत, बाई.
हा घ्या हातचा."

खोक्याच्या पाठीवर त्याने हिशेब मांडला :
स्टँड दोनशे पंच्याऐंशी, कथील शोषणारी वेणी अठ्ठेचाळीस,
पंप पंच्याण्णव, फ्लक्सची डबी साठ.
शेजारी कॅल्क्युलेटर होता. त्याला हात लावला नाही.
पाच नि आठ तेरा, नि पाच अठरा,
आठ लिहिले,
आणि दशकाच्या डोक्यावर, बारीक, काळजीपूर्वक,
एक.

तो खोका मी टाकलेला नाही.

रात्री जबड्यांनी पट्टी धरली.
माझा हात थरथरला, त्यांचा नाही.
एक, दोन, तीन,
आणि कथील पाण्यासारखं पसरून
मोहरीएवढं चकाकत बसलं.
पुढचे दोन बिघडले. पंप दाबला, खट्, पुन्हा.
अकरा वाजता नऊही भाग जागच्या जागी होते.

बटण दारात, दिवा टीव्हीच्या वर.
बाहेर जाऊन बटण दाबलं. आत पळत आले. दिवा विझलेला.
पुन्हा गेले. पुन्हा आले.
तिसऱ्या फेरीला, जिन्याचा कठडा धरून, उमजलं :
दाबणारी बाहेर हवी, बघणारी आत.
आयुष्यभर बेरजा शिकवल्या मी.

सकाळी छबूताई कचरा न्यायला आल्या.
त्यांना सांगितलं आणि आत येऊन बसले.
त्यांचे हात ओल्या कचऱ्याचे,
म्हणून त्यांनी कोपराने दाबलं असावं.
बाहेरून काही विचारलंही असावं,
लागला का, किंवा असंच.

मला ऐकू आलं नाही.
टीव्हीच्या वर
पिवळं झालं.