मनगटापुरतं

खानापूरच्या दुपारच्या बसनं आले दोघं,
सातेरी आणि त्याचा सहा वर्षांचा भरमू.
काजूच्या झाडावरनं पडलेला पोर,
डावा हात टॉवेलाच्या झोळीत,
उजव्यात अर्धा बोंडू, चिकट.

"सगळाच फोटो काढा की ओ बाई,
डोस्क्याचा पण, छातीचा पण.
पैशाचं बघू नका."

डॉक्टर हुद्दारांनी त्याच्या डोळ्यांपुढं बोट फिरवलं,
म्हशीचं नाव विचारलं.
गौरा, म्हणाला, आणि तिची शिंगं कशी तेही सांगितलं.
"स्कॅन नको. चार तास इथंच बाकावर बसवा."
सातेरीला वाटलं, आपली कापडं बघून टाळतात.

मी सांगायला गेले
की हा फोटो नुसता फोटो नसतो,
की पोराचं अंग अजून वाढतंय,
की लागतं ते आज दिसत नाही,
आणि शब्द अडले.

तोच म्हणाला, खाली बघत,
"म्हणजे ओलं मडकं.
आम्ही पण उगीच हात लावत नाही."
मग कळलं, कुंभार आहे.

मोठ्या माणसाचे आकडे तसेच ठेवले
तर चित्र देखणं येतं.
मी आकडे उतरवले.
थोडी वाळू दिसेल चित्रात, दिसू दे,
मोडलेलं कळलं की झालं.

उजेडाची चौकट आवळत आणली:
कोपर बाहेर, खांदा बाहेर,
मनगटापुरतं.
या मुलखात एक रेघ मारायची
तर पाट्यांना डांबर लागतं, बसा थांबतात.
माझ्या रेघेला कुणी काही विचारत नाही.

शिशाचा अ‍ॅप्रन बापाच्या अंगावर,
हात धरायला तोच.
"हलू नको," मग "अल्लाडबेडा,"
दोन्ही भाषांत एकदाच सांगितलं,
कारण हलला तर पुन्हा.

नाही हलला.

माझ्या छातीवर बिल्ला आहे.
तीन महिन्यांनी पाकिटातून जातो,
कुणीतरी मोजतं मला किती लागलं.
भरमूला बिल्ला नाही.
म्हणून केसपेपरच्या मागं लिहिलं
तारीख, आणि खाली: मनगट, एक.
पुढं कुठंही गेलात तर हा कागद आधी दाखवा.

सातेरीनं तो घडी करून
बसच्या तिकिटाशेजारी ठेवला.

साडेसहाला, प्लास्टरवर फुंकर घालत,
भरमू कुंदा मागायला लागला.
हुद्दार म्हणाले, जाऊ दे आता.