अर्धं बोट बाकी

थाळनेरहून नाव आली ट्रॅक्टरच्या टालीत,
मागे निघालेल्या टोकाला लाल फडकं बांधून,
सळयांच्या भाऱ्याला बांधतात तसं.
करवंद नाक्यावरच्या गतिरोधकावर
ती एकदा उठली अन् बसली,
आतला वाळलेला गाळ सगळ्या रस्त्याला दिसला.

शब्बीर म्हणाला, चारच्या आत टाली मोकळी पाहिजे,
मांजरोदला केळी कापून पडलीये.
आणि चाकाला टेकून बिडी ओढू लागला.

आम्ही सहा जण. नाव सागाची, अठरा फुटी,
बुडाला डांबराचे थर, एकेका उन्हाळ्याचा एकेक.
लोटन म्हणाला, क्रेन बोलवा.
युवराज म्हणाला, वायरींखालून शिरेल का क्रेन?
भिंतीवरून मालतीबाईनं विचारलं,
पाणी कुठून आणणार हिच्याखाली?
नळ तर दोन दिवसांआड येतो.

हसून झाल्यावर उखाबाबा बोलले.
नाव त्यांचीच. पूल झाल्यापासून
अकरा वर्षं ती काठावर पालथी,
आणि ते तिच्या सावलीत सुपारी कातरत.
विकताना घासाघीस केली नाही,
एवढंच विचारलं होतं,
घर वरच्या मजल्यावर नाही ना?

"नाव उचलानी नही भो.
टाली काढानी."

एकतीस वर्षं मी एसटीच्या डेपोत,
बसच्या पोटाखाली पाठ टेकून,
आणि हे मला सुचू नये.

दोन जॅक आणले, ओळखीनं, सही करून. मंगळवारी परत.
टालीचे फाळके काढले.
नाळेखाली एक तुळई, शेपटाखाली एक,
टोकं पिंपांवर, पिंपांवर सिमेंटचे ठोकळे.
खाली केळीची खांबं अंथरली, ओली,
घड उतरवल्यावर ज्यांना कोणी विचारत नाही.

शब्बीरनं गिअर टाकला.
टाली वीतवीत पुढे सरकत गेली
अन् नाव तिथंच.
खालून ऊन गेलं आरपार.
एक कोंबडी गेली.
कोणी बोलेना.
उखाबाबांनी चपला केव्हाच काढून
भिंतीशी नीट लावून ठेवल्या होत्या,
हे मला नंतर दिसलं.

मग एक ठोकळा इकडचा, एक तिकडचा.
जॅक सैल, बोटभर खाली.
थांब. पुन्हा बोटभर.
नात ओरडली, आजोबा बोट बोटानं मोजताहेत!
मोजायला माझ्याकडे नऊच आहेत
आणि एक अर्धं.
त्याचं दुसरं अर्धं अठ्ठ्याण्णव साली
गिअरबॉक्सखाली राहिलं,
शहाद्याची गाडी सुटायची होती म्हणून.

चारला पाच कमी असताना ती टेकली.
खांबं चिरडली, करकरली,
आणि त्यांच्यातून पाणी सुटलं,
खरंच पाणी, तुरट, चिकट,
अंगणभर, मोरीपर्यंत.
मालतीबाई बघत राहिली. मग म्हणाली,
डाग जात नाहीत हं त्याचे.

पहिल्या फळीच्या आतल्या बाजूला
कुंभारीण माशीचं मातीचं घर निघालं,
एवढ्या खड्ड्यांतून शाबूत.
तिथून काम सुरू करायचं होतं.
आता दुसरीकडून करू.

उखाबाबा चहाला थांबले नाहीत.
रिकाम्या टालीत चढले, मधोमध बसले,
तोंड मागे करून,
आणि वळण येईस्तोवर दिसत राहिले.

रात्री टॉर्च मारून पाहिलं.
सगळे म्हणतात टेकली,
पण शेपटाकडे, कणा आणि खांबांच्या मध्ये
फट आहे. अर्धं बोट.
माझं ते घालून बघणार होतो.
नाही घातलं.
त्या बाजूचा जॅक तसाच राहू दिलाय.
मंगळवारला अजून वेळ आहे.