इतिवृत्त

गावाचं नाव सांगत नाही.
ते कुठल्या लिपीत लिहायचं यावरूनच सगळं झालं,
आणि मी लिहिणारी आहे.
खानापूरची बस मलप्रभेचा पूल ओलांडून
पाटीपाशी थांबते. पाटी नाही. दोन लोखंडी खांब आहेत,
त्यांच्यावर कुणीतरी वाल चढवलाय.

आईची बोली एक, बापाची दुसरी,
म्हणून पंचांनी वही माझ्याकडे दिली.
दोन्हीकडचं लिही म्हणाले,
आपलं काही घालू नकोस.

कोर्टात अकरा वर्षं तारखा पडल्या.
साक्षीदारांतले दोघे मेले,
एक गोव्याला गवंडीकामाला गेला तो तिकडचाच झाला.
कागदांत दगडाचं वजन आहे, चारशे ग्रॅम.
डोळ्याबद्दल एवढंच: डावा.

शाळेच्या व्हरांड्यात फकिराप्पा मास्तर बोलले.
त्या दिवशी मशिनीवर निळी चड्डी होती,
रवळूच्याच धाकट्या भावाची, शाळेची.
"एका डोळ्यानं शिवता येतं," म्हणाले,
"ओवता येत नाही. सुई जवळ दिसते, असते लांब.
दुकान उघडून मी वाट बघत बसतो
शाळेला जाणारी एखादी पोर दिसेपर्यंत,
दारा घालून दे म्हणायला."
मी दारा लिहिलं, खोडून दोरा केलं,
मग परत दारा.

रवळू आता दोन मुलांचा बाप.
"दगड मी मारला," म्हणाला. "पाटीवर मारला होता."
चहा आला, कप फिरले, रिकामे झाले.
तेव्हा म्हणाला,
"पाटीखाली मास्तर बसलेत, ते दिसत होतं."

हे वाक्य पुन्हा म्हण, असं त्याला कुणी म्हटलं नाही.
एकदाच ऐकलं ते मी एकदाच लिहिलं.

मग त्याची आई उठली.
"आणि आमची गंजी? त्याच राती पेटवली ती?
तीन बैलांची वर्षाची वैरण.
एक बैल विकला, तो वळून वळून बघत गेला."
पेटवणारे तिथंच होते, खांबाला टेकून,
सगळ्यांना ठाऊक. एकाच्या हातात तर
अजून चहाचा कप होता.
कोणी हललं नाही.
मी लिहिलं: गंजी.
पुढं चार ओळी कोऱ्या सोडल्या.

तानव्वा भिंतीला पाठ लावून सुपारी कातरत होती.
"आमच्यात भांडणालाबी न्यायच म्हणतात," ती बोलली,
"पोरांना ओरडतो आम्ही, न्याय करू नका रे.
आज मिटतंय तेवढं मिटवा.
उरलेलं उघडं ठेवा, झाकलं तर सडेल."

पैसे मास्तरांना नको होते.
ठरलं ते असं: रवळूनं रोज सकाळी
दुकान उघडायच्या वेळी यावं,
दिवसभराच्या सुया ओवून द्याव्यात.
बारा. पाच पांढऱ्या, तीन काळ्या,
बाकीच्या त्या दिवसाच्या कापडाप्रमाणं.
किती दिवस, म्हणून पंचांनी विचारलं.
"नोडोण," मास्तर म्हणाले.
मी लिहिलं, बघू.

आठ दिवस दोघं बोलले नाहीत.
नवव्या दिवशी दोऱ्याचं टोक फाटलं, जाईना.
"ओलं कर की," मास्तर मशिनीवरून न उठता म्हणाले.
रवळूनं ते जिभेला लावलं.
मी समोरच्या गिरणीत दळण घेऊन उभी होते,
म्हणून माहीत. हे वहीत नाही.

गेल्या महिन्यात रवळूच्या दारात
रातोरात निम्मी गाडी कडबा पडला.
नाव नाही, गाव नाही. तीन बैलांना पुरायचाही नाही.
त्याची आई त्याला हात लावत नाही.
बैल खातात.

चार ओळी अजून कोऱ्याच आहेत.
पेनात शाई आहे.
ज्यांचं आहे त्यांनी येऊन सांगावं,
कुठल्या लिपीत लिहू, तेही.