थांबलेलं

सप्टेंबर. कांगारू बेटावर वाऱ्याला
ओल्या लोकरीचा वास येतोय.
क्लेम बकबीच्या कुरणाच्या कडेला मर्विनची खाण;
खाण कसली, दोन माणसं गुडघे टेकतील एवढा खड्डा.
छिन्नी थरात घालून हलकेच पिळली
की दगड वहीसारखा उघडतो.
बहुतेक पानं कोरीच.

सुटीच्या दिवशी मी त्याला पानं उलटू लागते.
दुपारी एक ट्रायलोबाइट निघाला, तळहाताएवढा,
पाठीच्या सगळ्या घड्या शाबूत.
‘कधीचा मेलाय रे हा?’
मर्विननं थुंकी लावून बोट फिरवलं.
‘मेला नाही. गाल बघ, निखळून बाजूला पडलेत.
कात आहे ही. टाकून गेला.’
एक्कावन्न कोटी वर्षांपूर्वीच्या चिखलात
मऊ, उघड्या अंगानं कोणीतरी पुढे गेलं;
कुठे, ते या दगडाला विचारू नये.

क्लेमच्या गाडीतून परतताना, तिठ्यावर, ती आडवी.
वॉलबी. मेंढ्यांच्या ट्रकनं उडवलेली.
कानातली पट्टी माझ्याच हातची: दोनशे चौदा.
पिशवीत हात घातला.
ऊब होती, आणि उबेत लाथ.
क्लेमनं डोक्यावरची टोपी काढून पुढे केली,
काही न बोलता.
पिल्लू तीत उलटं शिरलं,
शेपूट आणि दोन लांबलचक पाय बाहेर ठेवून.

आणखी एक होतं, मी म्हटलं.
हे जन्मलं त्याच दिवशी राहिलेलं.
पेशी असतील शंभरेक, आणि तेवढ्यावरच मुक्काम.
धाकटं थांबतं.
थोरल्याचं दूध सुटलं तरी थांबतं,
डिसेंबरातला सगळ्यात मोठा दिवस मावळून
रात्र चिमूटभर वाढेपर्यंत.
मग हलतं.
‘आणि आता?’ क्लेमनं विचारलं.
मी तिच्या पोटाकडे बघितलं नाही.

रात्री स्वयंपाकघरात दोन वह्या.
मर्विन लिहितो: कात. प्राणी अनुपस्थित.
त्याचं झालं, तो चहा ठेवायला उठतो.
माझ्या वहीत ‘मृत’च्या रकान्यात आकडा लागतो.
एक लिहू? दोन?
जे सुरूच व्हायचं होतं
ते संपलं असं कुठल्या तारखेला म्हणायचं?
टोपीतलं चुळबुळतंय.
मी पेन्सिल दातात धरून
दुधाचा थेंब मनगटावर पाडून बघते.
कोमट आहे. चालेल.